थेरगाव वगळता

पुढच्या 48 तासांत ओडिशाच्या किनाऱ्यावर काय होणार, पूर्व उत्तर प्रदेशातलं धुकं कधी विरळ होणार, उत्तर तामिळनाडूत छत्री लागेल की होडी, हे मला विचारा. मी सांगतो. आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघतं, कारण मी ते हवामान खात्याच्या पत्रकात वाचलेलं असतं. फक्त थेरगावचं विचारू नका. थेरगावात मी राहतो.

हा नाद हौसेनं लागलेला नाही, पोटामुळे लागला. चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी डिस्पॅच बघतो. आमचा माल लोखंडाचा. मशिनवरून उतरला की गंज लागू नये म्हणून आधी तेल, मग पिशवी, मग पुठ्ठ्याचं खोकं, मग गाडी, वर ताडपत्री. ताडपत्रीला एकच भोक असलं तरी पाऊस ते शोधून काढतो, आणि गिऱ्हाइकाचा क्वालिटीवाला हजार पार्टांतून गंजलेला नेमका तेवढा एक शोधून काढतो. गाड्या जातात साणंदला, मानेसरला, पंतनगरला, जमशेदपूरला, श्रीपेरंबुदूरला. त्यामुळे बाराही महिने देशात कुठे ना कुठे माझी एखादी गाडी भिजत असते. आपल्याकडे गुलाबी थंडी पडते, तेव्हा मानेसरच्या वाटेवर धुक्यात पुढच्या गाडीचा दिवा दिसत नाही. आपल्याकडे डांबर वितळतं, तेव्हा जमशेदपूरकडे दुपारून कालबैसाखीची वादळं उठतात. आपला पाऊस दिवाळीच्या सुमारास निरोप घेतो, तर तामिळनाडूत तो ईशान्येकडून नव्यानं हजर होतो. वर ई-वे बिलाची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. बिलाला पाऊस कळत नाही. म्हणून सकाळी डांगे चौकात कंपनीच्या बसमध्ये बसलो की आजूबाजूचे लोक देवाचे फोटो पुढे पाठवत असतात आणि मी अखिल भारतीय हवामान पत्रक वाचत असतो.

इथपर्यंत ठीक होतं. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळ चेन्नईच्या दिशेनं सरकायला लागलं. खातं आधीपासून कंठशोष करून सांगत होतं. मी श्रीपेरंबुदूरची गाडी कर्नाटकातच एका ढाब्यावर थांबवून ठेवली. ड्रायव्हर वैतागला, गिऱ्हाइकाचे फोन आले, मी बधलो नाही. 4 डिसेंबरला चेन्नईच्या विमानतळावर पाणी शिरल्याचं टीव्हीवर दिसलं आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, ‘‘याला हवामानातलं कळतं.’’

सगळं तिथून बिघडलं. पत्रक वाचता येणं आणि हवामानातलं कळणं यांत फरक आहे, हे सांगायला मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण थाप बरी वाटली.

बातमी बसमधून बिल्डिंगमध्ये आली. आमची बिल्डिंग डांगे चौकापासून चालत पाच मिनिटांवर. कारखान्यांच्या मागे मागे माणसं इकडे आली आणि थेरगावची होऊन राहिली, गावाकडची ओढ मात्र सुटली नाही. खात्यानं देशाचे 36 हवामान उपविभाग पाडलेत. त्यातले महाराष्ट्राच्या वाट्याचे चारही आमच्या एका लिफ्टमध्ये मावतात. तळमजल्यावर राजापूरचे नाना, म्हणजे कोकण व गोवा. दुसऱ्यावर वर्ध्याचे भाऊ, विदर्भ. तिसऱ्यावर औशाचं कुटुंब आणि त्यांच्या आजी, मराठवाडा. पहिल्या मजल्यावर रावेरचे केळीवाले अण्णा आणि चौथ्यावर मी, असे दोघं मध्य महाराष्ट्र. याशिवाय पहिल्यावरच भाड्यानं राहणारी बालेश्वरची तीन पोरं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की त्यांच्या खोलीत जास्त दाबाचं होतं.

मध्य महाराष्ट्र हा उपविभाग तर खास माझी फजिती करण्यासाठीच आखला असावा. माझं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. बायकोचं माहेर महाबळेश्वराच्या कुशीत. तिच्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे पाचशे झाला तरी पेढे वाटतात. जिल्हा एक, उपविभाग एक, अंदाज एक. ‘मध्य महाराष्ट्रात पाऊस’ असं ऐकून लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी सासुरवाडीला छत्री घेऊन गेलो होतो. तिकडे इरलं घालतात ते का, हे मला एसटीतून उतरल्यावर दहा पावलांत कळलं.

तर जिन्यात, लिफ्टमध्ये, दुधाच्या रांगेत प्रश्न सुरू झाले. नाना विचारायचे आंब्याचं. अण्णांना पावसाशी देणंघेणं नसायचं. ते विचारायचे वाऱ्याचं. ताशी 40 ते 50 किलोमीटरचा सोसाटा पत्रकात दिसला की अण्णा जेवायचे नाहीत, कारण घडानं लगडलेली केळ तेवढ्यात मोडून पडते. वर्ध्याच्या भाऊंशी माझं एकदा भांडणच झालं. त्यांच्याकडे पारा 44 वर आणि पत्रकात उष्णतेच्या लाटेचा पत्ता नाही. मी नियम सांगितला, की सपाट भागात 40 तर हवेतच, पण सरासरीच्या साडेचार अंश वर गेल्याशिवाय लाट म्हणत नाहीत; नाहीतर सरळ 45 गाठावे लागतात. वर्ध्याला मे महिन्यात सरासरीच एवढी असते, की 44 म्हणजे रोजचंच. भाऊ म्हणाले, ‘‘हे लाट नाही म्हणता? मंग काय स्वेटर घालू का?’’ यावर खात्याकडे उत्तर असेल. माझ्याकडे नव्हतं.

बालेश्वरच्या पोरांकडून मात्र मला कायम मान मिळाला. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘दाना’ चक्रीवादळ आलं, तेव्हा ती तिघं रात्रभर माझ्या हॉलमध्ये बसून होती. वादळ भितरकनिका आणि धामरा यांच्यामध्ये किनाऱ्यावर चढलं. पत्रकात जे होतं ते मी मोडक्या हिंदीत वाचत होतो, ती उडियात घरी सांगत होती, आणि घरचे लोक आधीच निवारा केंद्रात पोचलेले होते. माझा उपयोग शून्य. तरी सकाळी धाकटा पाया पडला. म्हणाला, ‘‘भैया, आपने बचा लिया.’’ मी त्याला उठवलं, पण जरा सावकाश उठवलं.

माणूस फुगायला एवढं पुरतं. त्यातून आपण राहतो हवामानशास्त्राच्या पंढरीत. खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. 1944 मध्ये ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात आणि चौकालाही तेच नाव आहे. बस तिथून जाताना मी खिडकीतून हात जोडायला लागलो. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, तिथे ‘अर्का’ नावाचा महासंगणक. एवढं सगळं आपल्या पंचक्रोशीत असताना त्यातलं थोडं आपल्या अंगात झिरपलं असणारच, असा माझा समज झाला. बारामतीच्या जवळ राहणाऱ्या प्रत्येकाला राजकारण कळतं, त्यातला प्रकार.

थेरगावानं मला पहिली सूचना जुलै 2024 मध्ये दिली होती. पुणे जिल्ह्याला लाल इशारा आला, की मी आधी बघतो तो घाटमाथ्यासाठी आहे की मैदानी भागासाठी. हा बारकावा बिल्डिंगमध्ये मला एकट्याला माहीत, याचा मला अभिमान. त्याही वेळी मी जिन्यात उभा राहून जाहीर केलं, ‘‘लाल घाटाला आहे. आपल्याकडे भुरभुर.’’ 25 जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या 24 तासांत ताम्हिणीत 556 मिलिमीटर पडला आणि शिवाजीनगरला 114. म्हणजे घाटाला खरंच पाचपट. पण 114 ला भुरभुर म्हणत नाहीत; खात्याच्या कोष्टकात साडेचौसष्टपासून पुढे ‘मुसळधार’ सुरू होतो. शिवाय आमच्याकडे पाऊस दोन वाटांनी येतो. एक वरून. दुसरा पवनेतून. घाटात आणि मावळात पडलेलं पाणी धरणात येतं, धरण भरत आलं की नदीत येतं, तिकडे चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरात शिरतं आणि इकडे थेरगावच्या काठाला. माझी स्कूटर त्या दिवशी नदीकाठच्या गॅरेजात सर्व्हिसिंगला होती. भुरभुरीच्या भरवशावर मी ती आणायला गेलोच नव्हतो. मेकॅनिकनं नंतर टाकी उघडून दाखवली तेव्हा आत पेट्रोल खाली होतं की पाणी, हे दोघांनाही सांगता येईना.

तरी माझं खातं बंद झालं नाही. उलट बिल्डिंगमधली शाळकरी पोरं माझी कायमची मतदार झाली, कारण लाल इशारा म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी, एवढं हवामानशास्त्र त्यांना पक्कं कळलं होतं.

खरा घात झाला मे 2025 मध्ये, कुरडयांच्या पायी.

त्या वर्षी मे महिन्याला उन्हाळा म्हणायची सोय नव्हती. दिवसाआड ढग, गडगडाट, वळवाच्या सरी. बायकांची वाळवणं अडली होती. रविवारी सकाळी औशाच्या सूनबाई, रावेरच्या काकू आणि नानांची लेक अशा तिघी माझ्या दाराशी आल्या. गहू भिजत घालायचे होते. गहू तीन दिवस भिजणार, बुधवारी वाटून चीक निघणार, रात्रभर निवळणार आणि गुरुवारी पहाटे शिजवून सोऱ्यातून गच्चीवर पडणार. गुरुवार माझ्या कंपनीच्या सुट्टीचा. ‘‘भावजी, गुरुवारी ऊन आहे ना?’’

रविवारी विचारलेला गुरुवार म्हणजे चौथा दिवस. खात्याचा लघुपल्ल्याचा अंदाज तीन दिवसांचा. त्याच्या पुढे खातं शब्द तोलून वापरतं. ज्यांच्याकडे महासंगणक आहे ते तोलतात. माझ्याकडे नव्हता. मी म्हणालो, ‘‘घाला भिजत.’’

गुरुवारी पहाटे आभाळ निळंशार. पत्रकात मात्र पुणे जिल्ह्याला पिवळा इशारा: दुपारनंतर तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. बायका पुन्हा दाराशी. चीक शिजलेला, वाफा निघताहेत, थांबला तर आंबणार. मी दारातच हिशेब मांडला. तुरळक म्हणजे जिल्ह्यातल्या शंभर पावसाच्या केंद्रांपैकी फार तर पंचवीस. पुणे जिल्हा पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत. एवढ्या मुलखातून निवडून तो आपल्याच गच्चीवर कशाला येईल? हा हिशेब मी एवढ्या ठामपणे सांगितला, की औशाच्या सूनबाईंनी सोबत बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या पापड्याही घालायचं ठरवलं. पिवळा म्हणजे ‘लक्ष ठेवा’ असा अर्थ आहे, तोही मी सांगितला. ‘‘लक्ष मी ठेवतो.’’

दुपारी जेवण झाल्यावर गच्चीच्या मध्यभागी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलो. चारी बाजूंनी प्लास्टिकच्या कागदावर कुरडयांची रांगोळी. डोक्याला टोपी, मांडीवर मोबाइल, मोबाइलवर मुंबईच्या डॉप्लर रडारचं चित्र. तोंड पश्चिमेकडे, हिंजवडीच्या इमारतींकडे. पाऊस कुठून येतो? समुद्रावरून, घाटावरून, पश्चिमेकडून. दहिवडीच्या माणसालाही एवढं ठाऊक असतं. आमच्याकडे तो पोचत नसला तरी निघतो कुठून ते माहीत असतं.

अडीचच्या सुमारास मुळशीवर एक हिरवट ठिपका दिसला. मी पोरांना गोळा केलं, अंतर काढलं, वेग गृहीत धरला आणि जाहीर केलं, की ढग पावणेपाचला थेरगावात येईल, सव्वाचारला आवराआवर सुरू करायची. पीएमपीची बस कुठवर आली हे बघावं, तसा मी दर पाच मिनिटांनी त्या ठिपक्याचा थांबा बघत होतो. साडेतीनला ठिपका मुळशीतच विरला. मी खुर्चीवरून उठून म्हणालो, ‘‘टळलं.’’

औशाच्या आजी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून कावळे हाकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘आरं बाबा, मागं बघ की. मागून यायलंय.’’

मी मागे न बघता रडार बघितलं. ‘‘आजी, मागे काही नाही.’’

‘‘माझं गुडघं सकाळपासून ठणकायलंय.’’

‘‘आजी, गुडघ्याचं वेगळं असतं.’’

आता झालं काय होतं, ते नंतर वाचून कळलं. वळवाचा ढग दुरून चालत येतोच असं नाही. सकाळचं ऊन जमीन तापवतं, तापलेली हवा वर उठते, अरबी समुद्रावरून आलेला दमटपणा तिच्याबरोबर वर चढतो, आणि तासाभरात जिथल्या तिथे दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. म्हणून तर वादळी पावसाचा नेमका इशारा खातं जेमतेम तीन तास आधी देतं. त्यात मे महिन्यात वरच्या थरातला वारा पुष्कळदा पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे पुण्याकडे वळीव बरेचदा उगवतीच्या अंगानं चढतो. म्हणजे मी हिंजवडीकडे डोळे लावून बसलो होतो, तेव्हा माझ्या पाठीमागे भोसरी-पिंपरीच्या डोक्यावर ढग मजले चढवत होता. आणि मोबाइलवरचं चित्र निघाल्यापासून बराच वेळ उलटून गेला होता.

आधी वारा आला. गच्चीवरचा धुरळा एकदम उठला आणि कागदाचं एक टोक विटेखालून सुटलं. मी ते धरायला धावलो, तेवढ्यात दुसरं सुटलं. औशाच्या सूनबाईंनी तिसरं पकडलं. चौथ्या टोकापाशी कोणीच नव्हतं. कागद अर्ध्या वाळलेल्या कुरडयांसकट कठड्यावरून उचलला गेला, क्षणभर आडवा तरंगला आणि खाली पार्किंगमध्ये सोसायटीच्या चेअरमनसाहेबांच्या पांढऱ्या गाडीवर पालथा पडला. मग थेंब आले, एकेक बोराएवढा. साबुदाण्याच्या पापड्यांचा पाहता पाहता पुन्हा साबुदाणा झाला. बटाट्याचा कीस पावसाच्या पाइपातून वाहत गेला आणि पाइप तुंबला. गच्चीत घोटाभर पाणी साचलं आणि त्यात मी, टोपी, खुर्ची आणि पाळतीवरचा मोबाइल. मोबाइलवर तेवढ्यात खात्याचा ताजा इशारा येऊन पडला: पुढील तीन तासांत पुणे जिल्ह्यात मेघगर्जनेसह पावसाची शक्यता.

वीस-पंचवीस मिनिटांत थांबला. नंतर जे ऊन पडलं ते असं कडक, की वाळवणाला दुसरं ऊन शोधू नये. पोरांनी कडेच्या ओल्या कुरडया तिथेच बसून फस्त केल्या. बिल्डिंगमध्ये त्या दिवशी आनंदी होती ती तेवढीच. चेअरमनसाहेबांच्या वायपरमध्ये चीक असा बसला, की पुढचा आठवडाभर काचेवर नक्षी उमटत होती.

मी ओलाचिंब घरी आलो. हॉलमध्ये पंखा पूर्ण वेगात चालू होता आणि खाली जुन्या साडीवर आमच्या घरच्या कुरडया ओळीनं, कोरड्या ठणठणीत, मांडलेल्या होत्या. बायको एकेक उलटत होती. मी विचारलं, ‘‘तू गच्चीवर नाही घातल्यास?’’

‘‘मी कुठे तुम्हाला विचारलं होतं?’’ ती म्हणाली.

त्यानंतरच्या सोमवारी, 26 मे 2025 ला, दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. देशात सहा किलोमीटरच्या चौकटींत अंदाज देणारी, पाषाणला तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. आणि मोसमी पाऊस पुण्या-मुंबईत पोचल्याचं खात्यानं जाहीर केलं. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची आजवर नोंद नव्हती. पूर्वीची चौकट बारा किलोमीटरची. आता सहाची झाली, म्हणजे थेरगाव, वाकड, काळेवाडी आणि चिंचवडगाव जेमतेम एका चौकटीत. बसमध्ये एक जण म्हणाला, ‘‘आता तुझी चिंता मिटली.’’ मी खिडकीबाहेर बघत राहिलो. आमच्या गच्चीची लांबी चौदा मीटर आहे.

सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला. मी स्पष्टीकरण द्यायला उभा राहिलो. खात्याचा अंदाज अक्षरशः खरा होता, पाऊस तुरळक ठिकाणीच पडला, चाकणला तर त्या दिवशी थेंबही नव्हता, असं सांगितलं. यानं काही फायदा झाला नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सेक्रेटरींच्या सहीची सूचना लागली: ‘गच्चीवर वाळवण घालण्यापूर्वी 301 मधील आजींची परवानगी घ्यावी. देशाच्या इतर भागांच्या हवामानासाठी 402 शी संपर्क साधावा.’

402 म्हणजे मी. मला वाटलं, आता कोणी फिरकणार नाही. पण जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी आजी स्वतःच जिना चढून आल्या. मे महिन्यातल्या पावसानं औशाकडे रानं ओली झाली होती, शेजारच्यांनी तिफणी बाहेर काढल्या होत्या, आणि मुलगा फोनवर विचारत होता, सोयाबीन पेरू का.

‘‘आजी, तुमचे गुडघे काय म्हणतात?’’

‘‘गुडघं हितलं सांगतंय. औशाचं कसं सांगंल?’’

मी परभणीच्या कृषी विद्यापीठाचं पत्रक उघडलं. ते मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं, जिल्हावार. वाचून दाखवलं: पावसाचा खंड पडण्याची शक्यता आहे, पेरणीची घाई करू नये, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावरच पेरावं. आजींनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग माझ्याकडे नीट बघितलं.

‘‘आन तुझं काय म्हननं हाय?’’

‘‘माझं काहीच म्हणणं नाही, आजी. पत्रकात लिहिलंय तेवढंच.’’

‘‘मंग खरं असंल,’’ असं म्हणून त्यांनी मुलाला फोन लावला.